सुटलेली लेस आणि ग्रीकांची विजयगीतं

माझ्या मुलीनं कॉलेजात ग्रीक घेतलं, तेव्हा मी तीन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. बरं, आजचं ग्रीकसुद्धा नव्हे, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. जी भाषा बोलणारं पृथ्वीच्या पाठीवर कुणी उरलेलं नाही ती शिकून पोरगी बोलणार कुणाशी होती? बायको म्हणाली, "अहो, संस्कृत शिकणाऱ्यांना विचारता का तुम्ही असं?" मी म्हणालो, त्यांनाही विचारतो. माझा स्वभावच असा. चाळीस वर्षं मशिनांची ड्रॉइंग तपासली, कुठे काय चुकलंय ते शोधून काढलं, आणि घरी आल्यावरही तो चष्मा कधी उतरवला नाही. भात छान झाला असला तरी मला त्यातला खडा आधी दिसतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गॅरेजमधले तिचे बूट. अमेरिकेत, श्रूजबरीतल्या या घरात आम्ही तीस वर्षं राहतोय आणि आमच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं आहे. यंदा सप्टेंबरच्या शेवटी पानं पडायला लागली, म्हणून मी दाताळं शोधायला आत गेलो. भिंतीवरच्या खिळ्याला, बर्फावरून घसरायच्या जुन्या स्लेडच्या मागे, तिचे शाळेतले धावायचे बूट लटकत होते. दोन्ही बुटांच्या लेसेस एकमेकींना बांधलेल्या. रंग उडालेला, तळव्याच्या खाचेत अजून वाळलेली माती. दाताळं राहिलं बाजूला, आणि मी तिथेच उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसलो.

ती शाळेत असताना क्रॉस कंट्री धावायची. म्हणजे गोल ट्रॅकवर नाही, तर शाळेच्या मागच्या मैदानावरून, टेकडीवरून, झाडीतून, तीनएक मैल. हा खेळ सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे नेमका पानं रंगायची तेव्हाचा. शनिवारी सकाळी आम्ही थर्मास, फोल्डिंगच्या खुर्च्या आणि चिवड्याचा डबा घेऊन निघायचो. बायको खुर्चीत बसायची. मी मैलाच्या खुणेपाशी स्टॉपवॉच घेऊन उभा राहायचो आणि ती समोरून गेली की मराठीत ओरडायचो, "सहा बेचाळीस! चार सेकंद मागे आहेस!" आजूबाजूचे आईबाप "यू गॉट धिस, स्वीटी!" म्हणत घसा फोडत असायचे. शेवटून तिसऱ्या आलेल्या मुलीलाही तिचा बाप कडकडून मिठी मारायचा. मला त्याचं नवल वाटायचं आणि, खरं सांगतो, थोडा रागही यायचा. एवढं कशाबद्दल?

आमच्या घरी असलं काही नव्हतं. माझा पहिला नंबर आला की वडील प्रगतिपुस्तक डोळ्यांजवळ धरून विचारायचे, "गणितातले हे दोन मार्क कुठे सांडलेस?" एवढं म्हणून सही करायचे. मग टोपी घालून बाहेर पडायचे, ते थेट पोस्टात जायचे आणि पोस्टमास्तरांना माझा नंबर सांगायचे. हे मला ते गेल्यावर कळलं, पोस्टमास्तर भेटायला आले तेव्हा. मला त्या दिवशी वडील गेल्याचं जितकं वाईट वाटलं, तितकंच याचंही वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून माणूस सुधारतो असं थोडंच आहे.

मुलीला मी एक गोष्ट मात्र मन लावून शिकवली होती. धावताना मागे वळून बघायचं नाही. मान वळली की पावलाची लांबी कमी होते, हे मी तिला कागदावर आकृती काढून पटवलं होतं. ती इतर बाबतीत माझं ऐकायची नाही, पण हे तिनं ऐकलं. तिच्या सगळ्या शर्यतींत मी तिला एकदाही मागे बघताना पाहिलं नाही.

शाळेच्या शेवटच्या वर्षीचा तो ऑक्टोबर. पाच शाळांच्या मुली होत्या. आम्ही शेवटच्या वळणापाशी उभे होतो, झाडी संपून मैदान सुरू होतं तिथे. आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहणारे डॉक्टर त्या दिवशी मुद्दाम आले होते. आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्या मुलांचे ते काका. त्यांची स्वतःची मुलं शिकायला लांब गेली होती, म्हणून ते आमच्या मुलीच्या शर्यतीला यायचे आणि आल्याचा चहाही आणायचे. आम्ही कप हातात धरून झाडीकडे बघत होतो, आणि झाडीतून पहिली बाहेर आली ती काळी वेणी.

तिच्या मागे बराच वेळ कुणीच नव्हतं. मग एक उंच, तांबड्या केसांची मुलगी आली. अंतर वीस पावलांचं तरी होतं. मी स्टॉपवॉचकडे बघायचं विसरलो असं म्हणायला मला आवडेल, पण मी बघितलं. साडेचार सेकंद. मुलीनं मागे न बघता ते मैदान पार केलं, फीत ओलांडली आणि गवतावर बसली.

थोड्या वेळानं कर्ण्यावरून निकाल सांगितले. कुणी तरी शाळेची यादी बघून वाचत होतं, म्हणून आपल्याकडच्यासारखं सगळं नाव आलं. आधी तिचं नाव, मग माझं, मग आडनाव. मॅसॅच्युसेट्समधल्या एका मैदानावर, पाच गावांच्या लोकांसमोर माझं नाव कर्ण्यातून आलं. उच्चाराची पार वाट लागली होती, पण नाव माझंच. आणि रडू येण्याआधीच मला भीती वाटली. फार चांगलं काही झालं की माझं असंच होतं. आता याला कुणाची तरी नजर लागणार, असं वाटतं. इंजिनीअर असलो म्हणून काय झालं?

तेवढ्यात डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो, काय धावली पोरगी! नाव काढलं हो तुमचं!"

मी म्हणालो, "कसलं काय, डॉक्टर! मागच्या मुलीच्या बुटाची लेस सुटली, म्हणून हिचा नंबर लागला. नाही तर कुठला!"

लेस सुटली नव्हती. ते मी तिथल्या तिथे बनवलं. आपल्याकडे असं बोलायची रीतच आहे. पाहुण्यांनी भाजीला छान म्हटलं की करणारी म्हणते, आज मीठ जरा जास्तच पडलंय. नव्या घराचं कौतुक केलं की घरमालक गळक्या नळाकडे बोट दाखवतो. ऐकणाराही ते खरं धरत नाही. डॉक्टर हसले, त्यांना माझं बोलणं बरोबर कळलं. पण हे कळायला तिकडे वाढावं लागतं, आणि माझी मुलगी इथे वूस्टरला जन्मली होती.

ती माझ्या मागेच उभी होती, हातात अर्धं केळं घेऊन. ती एरवी माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलायची. त्या दिवशी तिनं मराठीत विचारलं, "खरंच?"

मी जीभ चावली. पण डॉक्टरांसमोर आता काय सांगणार, की मी थाप मारली? आणि घरी जाऊन सांगू असंही वाटलं. म्हणून म्हणालो, "अगं, चालायचंच. पुढच्या वेळी आणखी जोर लाव म्हणजे झालं." तिनं मागे बघितलं असतं तर तिला कळलं असतं. पण मागे बघायचं नाही हे मीच तिच्या डोक्यात घातलं होतं, त्यामुळे तिच्या पाठीमागे काय झालं ते तिला मी सांगेन तेवढंच कळणार होतं. तिनं केळं संपवलं, खाली वाकली आणि स्वतःच्या लेसेस सोडायला लागली.

घरी आल्यावर बायकोनं तिला पाटावर बसवून मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली आणि ते तव्यावर टाकलं. त्याबरोबर छतावरचा स्मोक अलार्म जो ठणाणा करायला लागला, तो थांबेचना. मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालतोय, बायको खिडक्या उघडतेय, शेजारची म्हातारी फाटकाशी येऊन विचारतेय की आग लागली का. एरवी अशा गोंधळात मुलगी पोट धरून हसली असती. ती पाटावर तशीच बसून राहिली. मी खुर्चीवरून तिच्याकडे बघितलं आणि टॉवेल हलवत राहिलो. घरी जाऊन सांगू म्हणालो होतो, ते काही सांगितलं नाही.

तो सीझन तिनं पुरा केला. चौथी आली, सातवी आली, एकदा अकरावी. पहिली पुन्हा आली नाही. नोव्हेंबरात बूट खिळ्याला लागले. आणि डिसेंबरमध्ये कॉलेजचा फॉर्म भरून तिनं जेवायच्या टेबलावर ठेवला होता, तो मी सहज उचलला. चुका तपासायला, दुसरं काय. पहिल्या नावाच्या रकान्यात तिचं नाव होतं, शेवटच्या रकान्यात आडनाव. मधला रकाना कोरा होता.

मी विचारलं, "इथे काही राहिलं का?"

ती म्हणाली, "नो. दॅट्स इट."

लहानपणी तिला मधल्या नावावरून मुलं चिडवायची, हे मला माहीत होतं. मुलीला पुरुषाचं नाव कसं, म्हणून. तेव्हा ती रडत घरी आली होती, पण नाव गाळलं नव्हतं. आता गाळलं. कॉलेजच्या पदवीवर दोनच नावं आली, पुढे ती शिकवायला लागली त्या शाळेतल्या वर्गाच्या दारावरही दोनच. मी कधी काही बोललो नाही. बोलायला तोंड कुठे होतं? माझं नाव जिथे तिच्या नावाला लागून ऐकू आलं होतं, तिथेच मी तिची जीत घालवली होती.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली होती. बाहेर बर्फ, आत आम्ही दोघं टेबलाशी मटार सोलत बसलो होतो. त्या सुट्टीत ती कॉलेजसाठी कुठला तरी निबंध लिहीत होती. मी विचारलं, "तुझे ग्रीक काय म्हणतात?" टिंगलच करायची होती, पण ती एकदम खुलली.

"बाबा, देअर वॉज दिस होल थिंग. कुणी रेस जिंकून घरी आला ना, की त्याच्या टाउनमधले लोक त्याच्यासाठी गाणं करायचे. सगळे मिळून म्हणायचे. विथ डान्सिंग!"

"म्हणजे पोवाडा."

"काइंड ऑफ. पण पोवाडा लढाईचा असतो ना? हे नुसतं धावल्याबद्दल. किंवा रेसलिंग."

"आणि बक्षीस काय?"

"पानांचा मुकुट. ऑलिव्हचा. एका ठिकाणी तर सेलरीचा."

"भाजीचा?" मी म्हणालो, आणि ती हसली. किती तरी दिवसांनी माझ्या बोलण्यावर हसली. मलाही जोर आला. मी विचारलं, त्या गाण्यात असायचं काय?

तिनं सांगितलं. जिंकणाऱ्याला ज्यानं शिकवलं त्याचे आभार. त्याच्या घराण्यातली किंवा गावातली एखादी जुनी गोष्ट. "अँड फर्स्ट ऑफ ऑल," ती म्हणाली, "रेस संपली की एक माणूस उभा राहून मोठ्यांदा अनाउन्स करायचा. विनरचं नाव, मग त्याच्या वडिलांचं नाव, मग..."

ती थांबली. शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली.

"मग गाव," ती म्हणाली.

मी मान खाली घालून मटार सोलत राहिलो. मग तीच पुढे बोलायला लागली, जरा भरभर. त्या गाण्यांत आणखी एक गंमत असायची म्हणे. फार स्तुती झाली की कवी मधेच थांबायचा आणि सांगायचा, बाबा रे, तू माणूस आहेस, जपून राहा. देवांना खुपेल, शेजाऱ्यांना खुपेल.

मी टेबलावर हात आपटला. "बघ! दृष्ट! मी काय सांगत होतो? ग्रीकांनाही कळत होतं!"

"हो," ती म्हणाली. "पण बाबा, दे सँग फर्स्ट. ते आधी गायचे, मग घाबरायचे. तू नुसताच घाबरलास."

आवाज चढवला नाही तिनं. लेसचा विषयही काढला नाही. उठली, सालं गोळा करून कचऱ्यात टाकली आणि दाणे धुवायला घेतले. त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. नळ वाहत होता, ती पाठमोरी होती, सांगायला सोपं गेलं असतं. तिला वाटलं असणार की बाबा फक्त कौतुक करायला घाबरला. लेस सुटल्याचं मुळात खोटं होतं, हे तिला अजून माहीतच नव्हतं.

यानंतर वर्षं कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही, सगळ्यांची जातात तशीच गेली. ती इथून दोन तासांवरच्या एका शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवते. नोकरी मिळेल का म्हणून मी जो जीव खाल्ला होता, त्याबद्दल तिनं मला एकदाही टोमणा मारला नाही. माझ्या छातीत दोन स्टेंट बसले. डॉक्टरकाका ऐंशीच्या पुढे गेले, त्यांचा कप आता बशीवर खुळखुळतो. आणि ती धावत नाही. मी एकदा विचारलं होतं, कधी तरी सकाळी धावतेस का गं? तर म्हणाली, "नाह. आय वॉज नेव्हर दॅट गुड, बाबा."

हे वाक्य मला त्या बादलीवर बसल्या-बसल्या आठवलं, बुटांकडे बघताना. ती कधीच एवढी चांगली नव्हती, हे तिला कुणी सांगितलं? मी सांगितलं. एका कपभर चहाच्या वेळात सांगितलं आणि वीस वर्षं परत घेतलं नाही.

संध्याकाळी मी तिला फोन केला. "ते तुझं ग्रीकांचं गाणं. त्यात काय काय लागतं, पुन्हा सांग."

"का?"

"असंच. वेळ जात नाही."

तिनं सगळं पुन्हा सांगितलं. शिक्षिका आहे, विचारलं की थांबत नाही. शेवटी मी विचारलं, "आणि मुलींची? मुलींची गाणी कशी असायची?"

"मुली धावायच्या, बाबा. ऑलिंपियामध्ये त्यांची वेगळी रेस होती. पण धावणाऱ्या मुलीचं गाणं एकही उरलं नाहीये. नॉट वन."

मी फोन ठेवला आणि कागद घेतला.

अकरा दिवस लागले. आयुष्यात कविता केली नव्हती. यमक जुळवायला गेलो की अर्थ पळायचा, अर्थ धरला की ओळ लंगडायची. बायकोनं पहिला खर्डा वाचून सांगितलं, "अहो, हे मशिनचा रिपोर्ट लिहिल्यासारखं झालंय." मी चिडलो. मग यमकाचा नाद सोडला.

शाळेत तिला धावायला शिकवणाऱ्या कोचबाईंचे आभार सोपे गेले. जुन्या गोष्टीपाशी मात्र अडलो. आमच्या घराण्यात कुणी वीरबीर नव्हता. सगळे शाळामास्तर आणि कारकून. खूप विचार केल्यावर आई आठवली. मी इंजिनीअरिंगला निघालो त्या सकाळी माझे दाखल्याचे कागद घरीच राहिले होते आणि एस.टी. सुटली होती. आईनं ते बघितलं, नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि शेताच्या बांधावरून धावत सुटली. रस्ता वळण घेऊन नदीकडे जायचा, तिथे तिनं गाडी गाठली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. तिनं खिडकीतून कागद माझ्या हातात दिले. तिला बोलताही येत नव्हतं इतकी धाप लागली होती. आणि मी, गाडीभर लोक बघतायत म्हणून लाजून म्हणालो, "एवढं धावायची काय गरज होती?"

ते लिहिताना मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. बायकोनं चहा आणून ठेवला आणि आत गेली.

दसऱ्याच्या नंतरचा रविवार. आमच्याकडे दरवर्षी त्या दुपारी सोनं द्यायला-घ्यायला लोक येतात. इथे आपट्याचं झाड नाही, म्हणून शेजारच्या अंगणातल्या एका झाडाची बदामाच्या आकाराची पानं आम्ही मागून आणतो. मुलगी सकाळीच गाडी चालवत आली होती. बाकी सगळे येऊन गेले. शेवटी डॉक्टरकाका आणि काकू उरले. मला तेच हवं होतं. जे खोटं त्यांच्यासमोर बोललो, ते त्यांच्यासमोरच निस्तरायचं होतं.

मी उभा राहिलो. खुर्चीची पाठ धरून खिशातला कागद काढला. मुलगी म्हणाली, "बाबा, आर यू ओके?" मी तिला बस म्हणालो आणि कागद उघडला.

सुरुवात मी त्या ग्रीक दवंडीवाल्यासारखी केली होती. "ऐका हो, श्रूजबरीच्या लोकांनो! मैदान सगळ्यांच्या आधी पार केलं तिनं." मग मुलीचं नाव वाचलं. त्यापुढे कागदावर मी जागा कोरी सोडली होती. ती भरायची की नाही, हे माझ्या हातात नव्हतं. मी एक श्वास थांबलो आणि पुढे वाचलं, आडनाव, आणि मग, "गाव हे, आणि त्याआधीचं गाव कृष्णेकाठचं."

मग कोचबाई झाल्या. मग आई आणि एस.टी. झाली. ही गोष्ट मी मुलीला कधी सांगितली नव्हती. ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली. आणि मग मी त्या ओळींशी आलो.

"झाडीतून आधी आली काळी वेणी.
मागून तांबड्या केसांची मुलगी, जीव खाऊन धावणारी.
तिच्या दोन्ही बुटांच्या लेसेस घट्ट बांधलेल्या होत्या.
बाप खोटं बोलला.
सगळ्यांच्या पुढे तूच होतीस, तुला कुणी हरवलं नाही,
बापानं घरी येईपर्यंत तुझा नंबर काढून घेतला."

काकांचा कप बशीवर वाजत होता, काकूंनी तो धरला.

मुलगी म्हणाली, "लेस सुटली नव्हती?"

"नाही."

"नॉट ॲट ऑल?"

"नाही गं. मी बनवलं ते."

काका म्हणाले, "अगं, ते तर मला तेव्हाच कळलं होतं. बापानं असंच बोलायचं असतं. मला वाटलं, तुलाही माहितीये."

तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, सतरा वर्षांची असताना बघत होती तशीच.

"किती मागे होती ती?"

"वीस पावलं."

"आर यू शुअर?"

"साडेचार सेकंद. घड्याळ माझ्या हातात होतं."

ती हसायला लागली आणि हसता-हसता तिनं ओढणीत तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण कागद हातात घेऊन उभं राहण्यापलीकडे काही सुचेना. बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि शिक्षिकेच्या आवाजात विचारलं, "वॉर्निंग कुठाय? शेवटी वॉर्निंग लागते. देवांना खुपेल वगैरे."

"या खेपेला नाही घातली," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. नाक ओढलं. "परत वाच. सुरुवातीपासून."

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचायला लागलो. ऐका हो, श्रूजबरीच्या लोकांनो. मैदान सगळ्यांच्या आधी पार केलं तिनं. तिचं नाव वाचलं आणि कोऱ्या जागेशी येऊन थांबलो.

तिनं माझं नाव घेतलं. मोठ्यांदा, मागच्या खोलीत ऐकू जाईल असं, आणि अगदी नीट उच्चारात. मग आडनाव तिनंच म्हटलं आणि माझ्याकडे बघत थांबली.

आता फक्त गाव वाचायचं होतं. ते वाचायला मला जरा वेळ लागला.